मदत हवी आहे: फोन लागला की भलत्याच माणसांचं बोलणं ऐकू येतं

कावेरी_के
नमस्कार. जरा लवकर मदत हवी आहे. फोन लावला की आपल्या माणसाऐवजी दोन अनोळखी बायका आपसात बोलताना ऐकू येतात. मी हॅलो हॅलो करत बसते, त्यांना पत्ताच नाही. कट करून परत लावला की सगळं ठीक. हे बरेचदा झालंय. आणि काल तर चक्क माझं नाव घेतलं!! फोन हॅक झालाय का? कस्टमर केअरची गाडी ‘मोबाइल बंद करून चालू करा’ याच्या पुढे जात नाही. ते करून झालंय, कृपया तेच सांगू नये.

चष्मिष्ट
फोन कुठला? साधा कॉल की व्हॉट्सअ‍ॅप? एक सिम की दोन? आणि ‘बरेचदा’ म्हणजे कोणाकोणाला लावताना? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

कावेरी_के
साधा कॉल. अँड्रॉइड आहे, नवाच आहे. त्याने काय फरक पडतो? बोलणं ऐकू येतंय हा प्रॉब्लेम आहे.

सावध_सायबर
ताई, फोन शंभर टक्के टॅप झालाय. *#२१# लावून बघा, लगेच कळेल. मग ##००२# लावा, फॅक्टरी रीसेट मारा, सगळे पासवर्ड बदला. सिमपण बदलून घ्या.

खडूस_काका
आलं का परत ते *#२१#! अहो, तो कोड फक्त तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेत का एवढंच सांगतो. टॅपिंगशी त्याचा काडीचा संबंध नाही. ##००२# ने वळवलेले कॉल रद्द होतात, बस. शिवाय जो चोरून ऐकतोय त्याचा आवाज तुम्हाला कशाला ऐकू येईल? इतका वेंधळा हेर नोकरीवर टिकेल का?

सावध_सायबर
काका, चेक करायला काय जातंय? आमच्या ओळखीत एकाचे कॉल खरोखर वळवलेले निघाले होते. कुणीतरी गोड बोलून त्याच्याकडूनच कोड लावून घेतला होता.

खडूस_काका
चेक करू द्या की, कोण अडवतंय. पण तो आजार वेगळा. त्यात तुमच्याकडे *येणारे* कॉल दुसरीकडे जातात. या बाई *लावलेल्या* कॉलबद्दल बोलतायत.

तांब्याची_तार
क्रॉस कनेक्शन! किती वर्षांनी ऐकला हा प्रकार. लँडलाइनच्या काळात केबलमध्ये पाणी शिरलं की हमखास व्हायचं. मी त्याच खात्यात होतो. तारांच्या एका जोडीतला आवाज शेजारच्या जोडीत उतरतो. तो उतरू नये म्हणून तर दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ घालतात. १८८१ साली खुद्द ग्रॅहॅम बेलने त्याचं पेटंट घेतलं होतं. लोक तासन् तास दुसऱ्यांची भांडणं ऐकत बसायचे आणि मग तक्रार करायचे की आज आवाज नीट येत नाहीये.

बायनरी_बंड्या
आजोबा, मोबाइलमध्ये तारा नसतात. मोबाइल डिजिटल असतो आणि एनक्रिप्टेड असतो, म्हणजे आवाज सांकेतिक करून पाठवतात, क्रॉस कनेक्शन होऊच शकत नाही. ताईंना भास होतोय किंवा पलीकडे टीव्ही चालू असेल.

कावेरी_के
भास? टीव्हीवर माझं नाव घेतात का? जरा तारतम्य ठेवा.

पोर्टपाकीट
मी याच क्षेत्रात काम करतो. ‘होऊच शकत नाही’ हे साफ चूक आहे. एनक्रिप्शन असतं ते मुख्यतः फोन आणि टॉवर यांच्यातल्या हवेतल्या टप्प्यात. त्याच्या पुढे कंपनीच्या आत आवाज डेटाची छोटी छोटी पाकिटं बनून धावतो. प्रत्येक कॉलला एक पत्ता आणि एक पोर्ट नंबर, म्हणजे दाराचा नंबर, मिळतो. कॉल संपला की तो पोर्ट मोकळा होऊन दुसऱ्याला जातो. मधल्या यंत्राने जुन्या कॉलची नोंद वेळेवर पुसली नाही, तर जुन्या कॉलची पाकिटं नव्या कॉलच्या कानात पडत राहतात. आवाज स्वच्छ असतो, कारण तो हवेतून झिरपलेला नाही, अख्खाच्या अख्खा चुकीच्या दारात आलेला आहे. आणि बहुतेक वेळा एकाच दिशेने, म्हणून त्यांना तुमचं हॅलो ऐकू जात नाही.

कावेरीताई, तीन गोष्टी सांगा. (१) बायकांचा आवाज येत असताना तुमच्या माणसाचा आवाज येतो का? (२) आवाज स्वच्छ की लांबून? (३) घरी असतानाच होतं का?

बायनरी_बंड्या
२०२० साली व्होल्टीचे (४जी नेटवर्कवरचे) कॉल फोडून दाखवले होते जर्मनीच्या संशोधकांनी. तसलं तर नाही ना काही?

पोर्टपाकीट
अरे, आत्ता म्हणालास होऊच शकत नाही! तो हल्ला वेगळा होता. काही टॉवर लागोपाठच्या दोन कॉलचा आवाज सांकेतिक करायला एकच गुप्त किल्ली-प्रवाह (आकड्यांची माळ) वापरत होते. हल्लेखोराने आधी तुमचा पहिला कॉल हवेतून टिपायचा, तो संपताच तुम्हाला स्वतः फोन करायचा आणि बोलण्यात गुंतवायचं, तेव्हा कुठे पहिला कॉल उलगडणार. दोन बायका गप्पा मारताना ऐकू येणं त्यात बसत नाही.

मृण्मयी२
मला वेगळाच प्रश्न पडलाय. ऐकत काय बसता? अनोळखी लोकांचं खाजगी बोलणं आहे ना, ठेवा की फोन.

तांब्याची_तार
मृण्मयीताई, म्हणणं सोपं असतं. आपलं नाव निघालं तर तुम्ही ठेवाल?

रेकॉर्डवाला
कॉल रेकॉर्ड करायचे असतील तर फोनमधली स्वतःची सोय वापरा. प्ले स्टोअरवरची बाहेरची अ‍ॅप्स मे २०२२ पासून गूगलने बंद पाडली आहेत.

खडूस_काका
रेकॉर्डिंगचं कुणी विचारलं?

कावेरी_के
@पोर्टपाकीट
१. आपल्या माणसाचा आवाज अजिबात येत नाही.
२. स्वच्छ. अगदी शेजारी बसल्यासारखा. पण काल नाव घेतलं तेव्हा मात्र लांबून होता, कापडाआडून आल्यासारखा, मध्ये मध्ये खसफस.
३. हो, घरीच. बाहेर असताना झाल्याचं आठवत नाही.

चष्मिष्ट
थांबा. काल कोणाला लावला होता?

कावेरी_के
आमच्या जाऊबाईंना. का?

चष्मिष्ट
आणि बाकीच्या वेळी?

कावेरी_के
वेगवेगळ्या लोकांना. ऑफिस, आई, गॅसवाला.

चष्मिष्ट
झालं. हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि तुम्ही एकाच पोस्टमध्ये कोंबलेत. कालचा कॉल जाऊबाईंच्या पर्समध्ये उचलला गेला. खसफस म्हणजे पर्सचं अस्तर. इअरबडला चुकून बोट लागलं तरी कॉल उचलला जातो. काही फोनमध्ये ब्लूटूथ जोडलेलं असताना आपोआप उचलायची सेटिंगही असते. त्यांना कळलंच नसेल. तुम्ही ऐकलंत ते त्यांचंच बोलणं.

कावेरी_के
म्हणजे त्या खरोखर माझ्याबद्दल बोलत होत्या??

तांब्याची_तार
काय म्हणाल्या?

कावेरी_के
इथे लिहिण्यासारखं नाही.

मृण्मयी२
सोडून द्या हो. आपणही कुणाकुणाबद्दल बोलतोच.

सावध_सायबर
लाइन चालू राहिली की काय होतं बघा. २०१९ च्या जानेवारीत आयफोनच्या ग्रुप फेसटाइममध्ये (व्हिडिओ कॉलच्या सोयीत) असाच घोळ होता. समोरच्याने कॉल उचलायच्या आधीच त्याच्याकडचं बोलणं लावणाऱ्याला ऐकू यायचं. ती सोयच अ‍ॅपलला काही दिवस बंद ठेवावी लागली.

खडूस_काका
पहिल्यांदा मुद्द्याचं बोललात.

पोर्टपाकीट
आता राहिला खरा बिघाड. स्वच्छ आवाज, एकाच दिशेने, नंबर कुठलाही, घरीच. घरी वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून साधा कॉल जाणं, चालू आहे का? वर नुसतं वाय-फायचं चिन्ह नव्हे, त्याला जोडून फोनचा रिसीव्हर किंवा ‘VoWiFi’ असं दिसत असेल तर चालू आहे. ते बंद करून बघा. त्यानंतरही झालं तर तुमचं सिम घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घाला. तिथेही झालं तर फोन सुटला, दोष कंपनीकडे.

तक्रार करताना ‘नेहमी होतं’ म्हणू नका, त्यावर कुणी काही करू शकत नाही. तारीख, मिनिटापर्यंत वेळ, लावलेला नंबर आणि कॉल किती सेकंद चालला, हे कॉल लॉगमधून उतरवून द्या. त्यावरूनच तो कॉल कुठल्या यंत्रातून गेला ते शोधता येतं. तक्रार नंबर घ्या.

कावेरी_के
वाय-फाय कॉलिंग चालू होतं, मी कधी लावलं कोण जाणे. बंद केलंय. पण मग माझं बोलणं कुणाला ऐकू जात असेल का? बँकेशी बोलले आहे मी.

पोर्टपाकीट
शक्य आहे. तुम्हाला त्यांचं आलं तसं तुमचं तिसऱ्या कुणाकडे जाऊ शकतं. मात्र ठरवून कुणी एकाचा माग काढतंय असं यात नसतं. कोणाचं कोणाकडे जाईल याचा नेम नसतो. ओटीपी, पिन असलं काही फोनवर कुणालाच सांगायचं नाही, मग हा बिघाड असो वा नसो.

कावेरी_के
अपडेट: वाय-फाय कॉलिंग बंद केल्यापासून एकदाही झालेलं नाही. कंपनीकडून मेसेज आला, ‘आपल्या भागातील नेटवर्क सुरळीत आहे’ आणि तक्रार बंद!

पोर्टपाकीट
त्यांनी फक्त सिग्नल बघितला. परत उघडायला लावा आणि सांगा, सिग्नलची तक्रार नाही, वाय-फाय कॉलिंगवर क्रॉसटॉक (दुसऱ्याच्या कॉलचा आवाज) येतोय. हा शब्द वापरलात तर पुढच्या टीमकडे जायची शक्यता जास्त.

गंगाधर_जी
धागा चालूच आहे तर विचारतो. वडिलांशी बोलताना माझाच आवाज मला अर्ध्या सेकंदाने परत ऐकू येतो. माझा फोन बदलू का?

पोर्टपाकीट
नका बदलू. तुमचा आवाज त्यांच्या स्पीकरमधून निघून त्यांच्याच माइकमध्ये शिरतोय. त्यांना स्पीकर बंद करून फोन कानाला लावायला सांगा.

गंगाधर_जी
सांगितलं. ते म्हणाले, मला तर स्वच्छ ऐकू येतंय, तुझाच फोन बिघडलाय.