तिकिटाच्या फॉर्मवर खातं कुणाचं? (गरजू घरांच्या मदतीसाठी जानेवारीचा कलागुण कार्यक्रम, शाहू स्मारक, कोल्हापूर)

प्रेषक: तिकीट विभाग, लंडन

मंडळी, लिंक शुक्रवारी रात्री सोडायची आहे आणि खजिनदारांकडून खाते क्रमांक अजून आलेला नाही. म्हणून फॉर्मवर तूर्त इकडच्या मंडळाचं खातं टाकलंय. घरबसल्या बघणाऱ्यांना ५ पौंड, आश्रयदाता पास ५० पौंड. कार्यक्रम झाला की सगळी रक्कम एकगठ्ठा कोल्हापूरच्या न्यासाला पाठवू. उद्या संध्याकाळपर्यंत कुणी काही बोललं नाही तर होकार धरतो.

प्रेषक: खजिनदार, राजारामपुरी

हरकत आहे. लिंक सोडू नका.

मंडळ तिकडे नोंदलेलं आहे, म्हणजे इथल्या कायद्याने ते परकीय स्रोत. सभासद झाडून सगळे कोल्हापूरचे असले तरी फरक पडत नाही. इथल्या न्यासाकडे ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी मान्यता) आहे, एफसीआरए (परकीय देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी नाही, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय न्यासाने मंडळाचा एक पौंड घेतला तरी २०१० च्या कायद्याचा भंग होतो, आणि तो भंग घेणाऱ्याच्या माथी बसतो.

नोंदणीला न्यास किमान ३ वर्षं जुना लागतो आणि त्या ३ वर्षांत १५ लाख रुपये उद्दिष्टांवर खर्च झालेले दाखवावे लागतात. आपला खर्च तिथवर जात नाही. पूर्वपरवानगी मागायची तर ठरावीक देणगीदार, ठरावीक काम आणि देणगीदाराचं लेखी हमीपत्र लागतं. जानेवारीच्या आत ते होणार नाही.

राहिला आश्रयदाता पास. त्यात ५ पौंडांचं तिकीट आणि ४५ पौंडांची देणगी आहे. नाव काहीही ठेवा.

प्रेषक: माजी अध्यक्ष

आमच्या वेळी असलं काही आडवं येत नव्हतं. इतका कीस पाडायचं कारण नाही. दोन वाटा आहेत. एक, कोल्हापुरातल्या कुणा सभासदाच्या भावाच्या खात्यावर पाठवा, तो वाटेल. दोन, ज्या मोठ्या संस्थेकडे ही नोंदणी आहे तिला द्या, ती आपल्या न्यासाला देईल. कार्यकारिणीने उगाच घाबरू नये.

प्रेषक: खजिनदार, राजारामपुरी

काका, इस्कटून सांगतो.

भावाच्या खात्याची वाट: नातेवाइकाला पाठवायच्या पैशाला वर्षाला १० लाखांपर्यंत कळवण्याची गरज नाही, हे खरं. पण ती सवलत नात्यातल्या पैशाची आहे. चारशे लोकांकडून गोळा केलेला निधी त्यात बसत नाही. शिवाय त्या भावाला आयकर विवरणात हा पैसा कुठून आला ते सांगत बसावं लागेल.

मोठ्या संस्थेची वाट: २०२० च्या दुरुस्तीने ती बंद झाली. एफसीआरए असलेली संस्था परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देऊच शकत नाही, त्या दुसरीकडेही नोंदणी असली तरी. पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो आणि ज्याच्या नावावर उतरला त्यानेच खर्च करायचा. कार्यालयीन खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आलीय. त्या संस्थेने स्वतःच आपल्या यादीतल्या घरांना मदत पोचवायची ठरवली तर चालेल, पण मग बॅनर तिचा, हिशेब तिचा, निर्णयही तिचा. वाटप समितीला ते चालणार आहे का, आधी विचारा.

चालणारी वाट अशी: ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून, स्वतःच्या एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या इथल्या बँकेतल्या) खात्यातून थेट न्यासाच्या साध्या खात्यावर भरायचं. हे परकीय योगदान धरलं जात नाही. मात्र तेच पैसे आधी मंडळाच्या खात्यात गेले की ते मंडळाचे झाले. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) असलेले सभासद कायद्याने परदेशी नागरिक, त्यांची देणगी न्यासाला घेता येत नाही. मग तो मंगळवार पेठेत वाढलेला का असेना.

तिकीट विभागाने फॉर्ममध्ये करायचे बदल: पहिलाच प्रश्न नागरिकत्वाचा. 'भारतीय' म्हटलं तरच पुढचं पान उघडायला हवं. त्यावर पासपोर्ट क्रमांक, प्रत जोडायची जागा आणि 'रक्कम माझ्या वैयक्तिक बचतीतील आहे' असं घोषणापत्र. पेमेंट गेटवेत आंतरराष्ट्रीय कार्डं बंद करा. हे विसरलं की कुणीतरी लंडनच्या कार्डाने भरतो, पैसे साध्या खात्यात येतात, आणि मग परत करण्याची पत्रापत्री वर्षअखेरपर्यंत पुरते. परदेशी मोबाइल क्रमांकावर यूपीआय काही देशांपुरतं आणि काही बँकांपुरतंच चालतं, म्हणून एनईएफटीचा तपशीलही छापा.

प्रेषक: दुबईकर

आमच्याकडे कुठलीच वर्गणीची लिंक फिरवू नका. २०२१ च्या कायद्याने इथे विनापरवाना निधी गोळा करणं गुन्हा आहे, व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलेलं आवाहनसुद्धा. ज्याला द्यायचं तो न्यासाचं खातं मागून घेईल आणि गप भरेल.

प्रेषक: तिकीट विभाग, लंडन

मग ओसीआयवाल्यांनी काय करायचं? इकडे निम्म्याहून अधिक तेच आहेत. आणि इकडच्या तिकिटावर गिफ्ट एड (देणगीवर ब्रिटिश सरकारकडून मिळणारी करसवलत) लागेल का?

प्रेषक: खजिनदार, राजारामपुरी

गिफ्ट एड तिकिटावर मिळत नाही. मोबदला न घेता दिलेल्या देणगीवरच मिळतो. इथेही तसंच: तिकिटाची ८०जी पावती निघत नाही, आणि देणगी २,००० रुपयांच्या वर रोख दिली तर वजावट नाही. देणगीदाराचा पॅन घ्याच, ३१ मेपर्यंत १०बीडी (देणग्यांच्या विवरणाचा फॉर्म) भरावा लागतो आणि पॅन नसेल तर तेव्हा शोधाशोध होते.

ओसीआयवाल्यांनी तिकडच्या तिकिटाचे पौंड तिकडच्याच गरजू घरांना द्यावेत. लंडनच्या बहुतेक बरोंत (पालिका विभागांत) फूड बँक आहे. तिकडचं घरबसल्या बघायचं तिकीट तिकडच्या घरांसाठी, इथलं सभागृह इथल्या घरांसाठी. फॉर्म दोन, खाती दोन, पोस्टर दोन. दोन्हीकडे एकच पोस्टर लावलं की 'कोल्हापूरसाठी पौंड द्या' असा अर्थ निघणार आणि पुन्हा हेच सगळं.

तालमीच्या पोरांना निरोप द्या: वर्गणीचे डबे घेऊन पेठेतून फिरायचं असेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी त्यांनी स्वतः काढायची, गणपतीत काढतात तशीच. न्यासाची नोंदणी त्यांच्या डब्याला लागू होत नाही.

प्रेषक: माजी अध्यक्ष

दोन पोस्टर म्हणजे दोन कार्यक्रम झाले. नोंद असावी.

प्रेषक: वाटप समिती, शिरोळ

मोठी संस्था नको. यादी आमची आहे आणि घरं आम्ही बघितलीत.

पैसे आल्यावर धान्याचे किट घ्यायचे असा सूर दिसतोय, तो आत्ताच थांबवा. २०१९ आणि २०२१ ला पुरानंतर सरकारी मदतीत १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ आले, वर बाहेरचे ट्रकही गहूच घेऊन आले. गिरण्या पाण्याखाली होत्या. दळणार कुठे? पीठ पाहिजे होतं ते कुणी आणलं नाही. कापसाच्या गाद्यांचंही तसंच. एकदा भिजली की वाळत नाही, वास मारते, टाकावी लागते. चादर आणि सतरंजी बरी.

या वेळी पूर नाही, म्हणून जूनच्या शाळेचा खर्च आणि बिघडलेली शिलाई मशिनं हीच कामं धरलीत. चिखली, आंबेवाडी, कुरुंदवाड, आणि शहरातला सुतारवाडा. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकली की सुतारवाड्यातली घरं सगळ्यात आधी हलवावी लागतात, दरसाल. मशिनची मोटर आणि पायपट्टी वेगळी निघते. ती आधी माळ्यावर कशी ठेवायची हे मशिन देतानाच दाखवायचं.

रक्कम घरातल्या बाईच्या खात्यावर. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, आणि अशी बरीच निघतात. म्हणून फेब्रुवारीत प्रत्येक खात्यावर १ रुपया पाठवायचा. गेला नाही तर केवायसीला बाईंना बँकेत घेऊन जायला वेळ मिळतो. नाव पासबुकावर माहेरचं आणि आधारवर सासरचं, असंही निघतं. स्टेजवर बोलावून मोठा धनादेश हातात देऊन फोटो काढायचा नाही. हे सांस्कृतिक विभागाला उद्देशून आहे.

प्रेषक: खानपान विभाग

सांस्कृतिक विभागाचं त्यांनी बघावं. मिसळीचं मी सांगते, कारण मागच्या मेलमध्ये कुणीतरी 'पाव' लिहिलंय. ब्रेड. जाड स्लाइसचा.

१०० प्लेटला कोरडी मटकी ३ किलो, मोड आल्यावर साडेसहा किलोच्या आसपास भरते. फरसाण ५ किलो. कट (तिखट रस्सा) २५ लिटर, कारण प्रत्येक जण दुसऱ्यांदा मागतो. स्लाइस २५०. जानेवारीच्या गारठ्यात मटकीला एका रात्रीत मोड येत नाहीत. दोन दिवस आधी भिजवायची, फडक्यात घट्ट बांधून पिंपात ठेवायची आणि वर घोंगडं टाकायचं. घाई करून कोमट पाणी पुन्हा पुन्हा मारलं की आंबते आणि सगळी उसळ वाया जाते. कट गरम ठेवायला लॉबीत दोन इंडक्शन लावणार आहे.

प्रेषक: ध्वनी व प्रकाश

वहिनी, लॉबीत इंडक्शन नको. एक शेगडी २,००० वॅट ओढते. दोन्ही आमच्या फेजवर आल्या तर मिक्सरमध्ये घुंईऽ सुरू होईल आणि एखाद्या वेळी ट्रिपच होईल, नेमकं कुणाचं तरी भजन चालू असताना. सभागृहाच्या इलेक्ट्रिशियनकडून वेगळी फेज मागून घ्या, नाहीतर कट उष्णतारोधक डब्यात आणा.

आता क्रम. सांस्कृतिक विभागाने २४ कलाकार घेतलेत. प्रत्येकी ४ मिनिटं म्हणजे ९६, मधली उलथापालथ दीड-दीड मिनिट म्हणजे ३६. दीपप्रज्वलन आणि सत्कार १५, मध्यंतर १५. १६२ मिनिटं झाली, आणि सत्र १८० चं आहे. पाहुण्यांना १८ मिनिटं सापडली की ते ती वापरणार. म्हणून सत्कार मध्यंतरानंतर ठेवा, पहिल्यांदा नको. समूहनृत्य आणि एकल गायन आलटून पालटून लावा, मधला पडदा पाडून पुढे गाणं चालू असताना मागे पोरं उभी राहतील.

ट्रॅक कार्यक्रमाच्या ४ दिवस आधी, मूळ फाइल, नावात आधी क्रमांक: ०१, ०२ असं. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवलेली चालणार नाही, दाबली जाते आणि मोठ्या स्पीकरवर पत्र्यासारखी वाजते. गायकांनी पट्टी (हार्मोनियमवरचा आपला आधारस्वर) लिहून द्या. काळी १ चा ट्रॅक आणि काळी ४ चा गळा असली जोडी स्टेजवर जुळत नाही.

चॅरिटी आहे म्हणून गाण्यांचे हक्क माफ, असं फॉर्मच्या तळाशी लिहिलंय ते काढा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधली हौशी मंडळांची सवलत प्रेक्षक फुकट असतील किंवा धार्मिक संस्थेसाठी कार्यक्रम असेल तरच आहे. आपण तिकीट लावलंय. चाल-शब्दांचा परवाना आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांची हक्कसंस्था) आणि रेकॉर्ड केलेला ट्रॅक वाजवायचा तर ध्वनिमुद्रणाचाही, खर्चात धरा.

प्रेषक: सांस्कृतिक विभाग

फोटोचं बघू. वेळेसाठी २४ कलाकारांचे २२ होणार नाहीत, सगळ्यांना होकार गेलेत. पण हलगी शेवटी आहे, ती वाजवणारे विचारतायत की विंगेत तिचं कातडं शेकायला जाळ करू द्याल का.

प्रेषक: ध्वनी व प्रकाश

जाळ नाही. मैदानात ठीक होतं. ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह कसं पेटलं ते सगळ्यांनी बघितलंय, शाहू स्मारकात मी काडीसुद्धा ओढू देणार नाही. चामड्याची हलगी आणायची तर ५०० वॅटचा हॅलोजन दीड फुटावरून दाखवायचा, मिनिटाभराने फिरवायची, आणि वाजवण्याच्या दहा मिनिटं आधी. लवकर शेकून ठेवली तर एसीत पुन्हा ढिली पडते. फायबरची असेल तर काहीच नको. मर्दानी खेळवाल्यांना दांडपट्ट्यासाठी चारी बाजूंनी ८ फूट मोकळं लागेल, म्हणून त्यांच्या वेळी पुढचे तीन माइक स्टँड उचलणारा माणूस आजच नेमा. मी खाली मिक्सरवर असेन.