खाजनात टिकेल असा रंग कोणता? जुन्या बी-275 ट्रॅक्टरसाठी सल्ला हवा

बांधकरी (चोडण, गोवा)
नमस्कार मंडळी. घरी वडिलांच्या वेळचा महिंद्रा बी-275 ट्रॅक्टर आहे. इंजिन तीन वर्षांपूर्वी बांधून घेतलं, त्याची तक्रार नाही. पत्रा मात्र बघवत नाही. मडगार्ड आतून सोललेत, बॅटरीच्या ट्रेला बोट जाईल एवढं भोक पडलंय, पायदानाची खालची बाजू चोळली की पापुद्रे हातात येतात. शेती खाजनात, खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत, म्हणजे चिखल खारा. पलीकडे कामाला जायचं तर फेरीबोटीच्या रॅम्पवर चाकं नदीच्या पाण्यातून जातात. आतापर्यंत दोनदा रंग मारला, दोन्ही वेळा दुसऱ्या पावसाळ्यात फुगून निघाला. बजेट सगळं धरून 12 हजार. काम स्वतः करीन. भावाकडे ग्राइंडर आहे, कॉम्प्रेसर नाही. मृगाच्या आधी उरकायचंय. प्रायमर कोणता आणि वरचा रंग कोणता, सांगा.

पेडणेकार
पीयू (पॉलियुरेथेन रंग) मारा, दुसरा विचारच नको. मी गेल्या वर्षी माझ्या मॅसी ट्रॅक्टरला हार्डनर (रंग घट्ट करणारं रसायन) घातलेला पीयू मारून घेतला. 38 हजार गेले, पण आज बोनेटमध्ये तोंड दिसतं. डिझेल सांडलं तरी डाग पडत नाही. एकदाच खर्च करा.

डिचोलीकार
38 हजारांत जुना पॉवर टिलर येईल. त्यांनी 12 सांगितलेत. आमच्याकडे रेड ऑक्साइडचा प्रायमर आणि त्यावर साधा सिंथेटिक इनॅमल, ब्रशनेच मारलेला. 11 वर्षं झाली, अजून लाल आहे. खाणी चालू होत्या तेव्हाची धूळसुद्धा त्याने झेलली.

सत्तरीचो
डिचोलीकार, तुमची मोरड, म्हणजे उंचावरची जमीन आणि त्यांचं खाजन यात फरक आहे. धूळ धुऊन जाते, मीठ जात नाही. आमचा ट्रॅक्टर चाळीस वर्षं वाळपईत आहे, गंज म्हणजे फक्त सायलेन्सरला. मेहुण्याने मात्र त्याचा ट्रॅक्टर दोनच मोसम खाडीकाठी वापरला आणि मिठाने रिम खाऊन टाकल्या.

गॅरेजवाला_फोंडा
बांधकरी, दोनदा रंग का फुगला ते आधी समजून घ्या, नाहीतर तिसऱ्यांदाही तेच होईल. गंजाच्या खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं. वरून रंग मारला की ते आत कोंडतं, मीठ ओल खेचतं, गंज वाढतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंग आतून उचलला जातो. दोष रंगाच्या डब्याचा नसतो.
म्हणून पहिलं काम धुण्याचं. आधी रॉकेलने ग्रीस काढा, मग साबणाच्या गरम पाण्याने रॉकेलचा तेलकटपणा काढा. नंतर तारेच्या ब्रशने, ग्राइंडरने सैल गंज काढा, आणि त्यानंतर पुन्हा गोड्या पाण्याने भरपूर धुवा. लोक फक्त आधी धुतात. ग्राइंडर फिरल्यावर खड्डे उघडे पडतात, मीठ बाहेर येतं ते तेव्हा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर नळाचं घ्या.
ग्राइंडर लावण्याआधी बॅटरी काढा, डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवा. बॅटरी ट्रेवर खाण्याच्या सोड्याचं पाणी ओता, फेस यायचा थांबेपर्यंत. तिथे ॲसिड राहिलं तर कुठलाच रंग टिकणार नाही. भोकाला पुट्टी भरू नका, पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घ्या.

पेडणेकार
हे सगळं माझ्या गॅरेजवाल्याने केलंच होतं. पीयूच मारा.

मडगावकर_76
मी तर म्हणतो विकून टाका. सरकारी सबसिडीत नवीन बघा. जुन्या पत्र्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

बांधकरी
विकायचा नाही. वडिलांनी घेतलेला आहे.

काणकोणी
स्प्रेवाल्यांपासून सांभाळून राहा. मी शहरातल्या एकाकडे दिला होता. त्याने जुन्या इनॅमलवर थेट पीयू मारला. थिनरने खालचा रंग उचलला आणि आख्खं बोनेट सुरकुतलं, उकळलेल्या दुधावरच्या सायीसारखं. पैसे परत मिळाले नाहीत. शिवाय रेडिएटरच्या जाळीवर एवढा जाड थर दिला की नांगरताना इंजिन तापायला लागलं. ती जाळी झाकून ठेवायला सांगा. डिझेलच्या झाकणाला हवेचं बारीक भोक असतं, तेही बुजवलं होतं. ट्रॅक्टर शेतात मध्येच बंद पडायचा, चार दिवस कारण सापडलं नाही.

अंत्रुजकार
रंगाची छटाही बघा. दुकानात 'ट्रॅक्टर लाल' म्हणून काहीही देतात. जुना लाल किंचित केशरीकडे झुकतो. डॅशबोर्डच्या मागे ऊन न लागलेला मूळ रंग सापडेल, त्यावरून मिसळून घ्या.

डिचोलीकार
केशरीकडे नाही, गडदच होता. आमच्याकडे मूळ रंगाचा टूलबॉक्स आहे.

अंत्रुजकार
टूलबॉक्सवर तेल बसून काळपट होतो. मी तीन बी-275 उघडलेले आहेत.

सत्तरीचो
छटेचं नंतर बघा रे. त्यांना गंजाचं विचारायचंय.

मालीम_जेटी
मी ट्रॅक्टरवाला नाही, ट्रॉलरवाला आहे. पण खारं पाणी आणि लोखंड हा आमचा रोजचा विषय, म्हणून लिहितो. रेड ऑक्साइडवर खाजनात भिस्त ठेवू नका, दर वर्षी मारायचा असेल तरच ठीक. बोटीला आम्ही दोन डब्यांचा (एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर) इपॉक्सी लावतो. त्यातला जाड, 'सरफेस टॉलरंट' म्हणतात तो मागा. हाताने घासलेल्या पत्र्यावरही तो धरतो, सँडब्लास्टिंगची गरज नाही, आणि ब्रशनेच मारायचा असतो. म्हणजे कॉम्प्रेसरचा प्रश्न मिटला.
दोन हात द्या, पहिला एका रंगाचा, दुसरा वेगळ्या. कुठे राहिलं ते लगेच दिसतं. कडा, वेल्डिंगचे सांधे, बोल्टची डोकी यांना आधी बारीक ब्रशने एक जादा हात द्या. रंग कडेवरून ओघळतो, थर पातळ होतो आणि गंज नेहमी तिथूनच सुरू होतो.
हार्डनर डब्यावर लिहिलेल्या मापानेच घाला, अंदाजाने नको. पाव लिटरच कालवा, आपल्याकडच्या उकाड्यात भांड्यातच घट्ट होतो. हातमोजे घाला. वेळही पाळा. सकाळी दव उडाल्यावर, साधारण दहानंतर सुरू करा, चारला थांबा. घासलेला पत्रा उघडा ठेवून घरी जाऊ नका. आपल्या हवेत रात्रीतून तांबूस होतो आणि घासलेलं फुकट जातं. एका दिवसात रंगवून होईल तेवढंच घासा.

गॅरेजवाला_फोंडा
मालीमवाल्यांशी शंभर टक्के सहमत. एकच भर: इपॉक्सी उन्हात खडूसारखा पांढुरका पडतो, म्हणून उन्हात येणाऱ्या भागावर वर इनॅमल किंवा पीयू हवाच. इपॉक्सी पूर्ण वाळला असेल तर 220 च्या पॉलिश पेपरने चमक मोडून मगच मारा, नाहीतर वरचा थर सालीसारखा निघेल. पीयूचा स्प्रे साध्या कापडी मास्कवर मारू नका, हार्डनरची वाफ छातीत बसते.

फोंडेकर_नवा
आधी स्वच्छ धुवून घ्या, मीठ राहिलं की रंग फुगतो.

काणकोणी
चासी नंबरवर रंगाचा जाड थर चढवू नका, पासिंगला त्रास होतो. आणि लालचा दुसरा रंग करणार असाल तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.

बांधकरी
सगळ्यांचे आभार. एक अडचण आहे. बोनेटच्या डाव्या बाजूला वडिलांनी स्वतः ब्रशने 'श्री देवकीकृष्ण प्रसन्न' लिहिलंय. आमचा देव मूळचा चोडणचा, आता देऊळ माशेलात. अक्षरं फिकी झालीत, पण वाचता येतात. घासलं तर जातील.

पेडणेकार
फोटो काढून रेडियमवाल्याला द्या, हुबेहूब स्टिकर करून देतो. बोनेट घासून पीयू मारा.

अंत्रुजकार
ट्रेसिंग पेपरवर छाप घ्या आणि पेंटरकडून परत लिहून घ्या. अर्धाच ट्रॅक्टर नवा दिसला तर वाईट दिसेल.

मालीम_जेटी
मीही बोनेट पूर्ण घासा असंच म्हणेन. जुन्या रंगाखाली काय चाललंय ते वरून कळत नाही.

बांधकरी
काम झालं, म्हणून सांगतो. तीन आठवडे लागले. मडगार्ड, पायदान, रिम, पुढचा ॲक्सल, बॅटरी ट्रे सगळं उतरवून धुतलं, घासलं, पुन्हा धुतलं. दुसऱ्यांदा धुतलेलं पाणी सुकल्यावर फरशीवर पांढरी रेघ उमटली होती. दोन रंग फुकट का गेले ते तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. इपॉक्सीचे दोन हात दिले, कडांना जादा. मडगार्डच्या वरच्या बाजूला आणि रिमला लाल इनॅमल. ट्रेला वेल्डिंग करून घेतलं. सगळे मिळून 11,400 झाले.
बोनेटला हात लावला नाही. साबणाने धुतलं, मऊ फडक्याने पुसलं, आतल्या बाजूने मात्र घासून इपॉक्सी दिला. नव्या लालपुढे ते फिकं दिसतं हे खरं आहे. आई सकाळी अंगणात आली, अक्षरांवरून हात फिरवला आणि चहा ठेवायला आत गेली.
अंत्रुजकार, डॅशबोर्डच्या मागचा रंग बघितला. किंचित केशरीच होता.

डिचोलीकार
तो डॅशबोर्ड नंतर बदललेला असणार. टूलबॉक्सचा फोटो उद्या टाकतो.