उत्तर: नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या तळाचं मॉडेल, आडवी-उभी स्केल एकच चालेल का?

तलावासाठी नाही चालणार. हिशोब करून पहा. एक किलोमीटरचा पट्टा १:५०० ने केला तर लांबी २ मीटर, पण ५ मीटर खोल पाण्याचा होतो फक्त १ सेंटीमीटर. तेवढ्याशा थरात पृष्ठताणाचाच धिंगाणा, प्रवाह खरा दिसतच नाही. म्हणून उभी स्केल १:१०० घ्या, ५ सेंटीमीटर खोली मिळेल. मात्र उतार पाचपट तीव्र होतात, १:१० चा थेट १:२.

सांडव्याचा, म्हणजे तलावाचं जादा पाणी बाहेर जातं त्या भागाचा, विषय निराळा. २०२३ च्या सप्टेंबरातल्या पुरानंतर सगळ्यांना तोच तपासायचा असतो, आणि तिथे अशी ओढाताण अजिबात करू नका. १:२५ एकसारखी ठेवा. फ्रूडच्या नियमाने (मॉडेलमधला प्रवाह खऱ्या प्रवाहाशी जुळवायचा नियम) विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारं पाणी, ३१२५ पटीने घटतो, म्हणजे सेकंदाला १०० घनमीटरसाठी लॅबमध्ये ३२ लिटर. पंप त्या हिशोबानेच घ्या.

थ्रीडी प्रिंटरचं खूळ सोडा बाप्पा, एवढ्या आकाराला परवडत नाही. इको साउंडरच्या (आवाजाच्या लहरींनी पाण्याची खोली मोजणारं यंत्र) नोंदींवरून आडवे छेद काढा, त्या आकाराचे प्लायचे फर्मे कापा, डम्पी लेव्हल (उंची-पातळी मोजायची दुर्बीण) लावून ओळीत उभे करा. मध्ये वाळू भरून पाणी मारत ठोका. ढिली राहिली की वरचा गिलावा बसतो आणि तडकतो. गिलावा फर्म्याच्या धारेवर पट्टी ओढून सपाट करा, पण घोटून गुळगुळीत नको. खडबडीतपणा नंतर बारीक खडी चिकटवून जुळवता येतो. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात अशी मॉडेल्स बघायला मिळतात, परवानगी काढून एकदा जाऊन या.