कोलंबसचा मॉल ऑनलाइनच्या आधीच खचला
डाउनटाउनमधले, म्हणजे शहराच्या मध्यभागातले मॉल ऑनलाइन खरेदीने बुडवले, असं म्हटलं जातं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरापुरतं तरी हे पटत नाही. तिथला डाउनटाउनमधला सिटी सेंटर हा मॉल १९८९ साली थाटात उघडला. पण १९९७ ते २००१ मध्ये शहराच्या कडेला टटल, ईस्टन, पोलॅरिस असे तीन मॉल उभे राहिले आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. गाडी दारात लावा, पार्किंग फुकट! २००९ मध्ये सिटी सेंटरला टाळं लागलं. ते पाडून कोलंबस कॉमन्स हे उद्यान केलं: हिरवळ, पोरांसाठी मेरी-गो-राउंड, कडेला अपार्टमेंट्स. हा निर्णय मला मनापासून आवडतो, कारण राहणारी माणसं असली तरच खालची दुकानं तग धरतात. शेजारच्या लाझरस या जुन्या दुकानाची इमारत मात्र पाडली नाही, तिथे ऑफिसं आली. तेही फार बरं झालं.