ग्रिडवर बरोबर बसलेला फोटो मेलेला का वाटतो? मारबतीचे दोन फोटो आणि एक प्रश्न

मानेवाड्याची

मी वर्षभरापासून फोटो काढते. सेकंडहँड कॅमेरा, ५० एमएमची एक लेन्स आणि रविवारची सुट्टी, एवढंच जवळ आहे. यंदा तान्ह्या पोळ्याला आमच्या नागपुरात मारबतीच्या, म्हणजे त्या मोठ्या पुतळ्याच्या मिरवणुकीत इतवारीत सकाळपासून उभी होते. २१४ फोटो निघाले. स्क्रीनवर ग्रिड, म्हणजे फ्रेमचे उभे-आडवे तीन-तीन भाग करणाऱ्या रेघा, पूर्ण वेळ सुरू होती.

दोन फोटो सोबत टाकलेत. पहिल्यात पिवळ्या मारबतीचा चेहरा उजवीकडच्या वरच्या छेदबिंदूवर अगदी बरोबर बसलाय, नजर डावीकडच्या मोकळ्या जागेत. रूल ऑफ थर्ड्समध्ये, म्हणजे विषय मध्ये न ठेवता त्या रेघांवर किंवा त्या जिथे छेदतात तिथे ठेवायच्या नियमात, जे जे सांगतात ते सगळं आहे. तरी त्यात जीव नाही. दुसऱ्यात बापाच्या खांद्यावर बसलेलं चार-पाच वर्षांचं पोर आहे, फ्रेमच्या ठार मध्यभागी, आणि मागे सगळं पिवळं. आई त्याच फोटोवर थांबली. शेजारच्या काकूही तिथेच थांबल्या.

हा दुसरा फोटो मी एका स्पर्धेला पाठवला होता. "सब्जेक्ट मधोमध आहे" एवढं बोलून परीक्षकांनी तो बाजूला ठेवला. मला ते फार लागलं, कारण तो चांगला आहे हे कळत होतं पण का चांगला आहे हे सांगता येत नव्हतं. "नियम शिका आणि मग तोडा" हे खूप ऐकलं. तोडायचा म्हणजे काय करायचं, आणि त्या वेळी डोळ्यांनी पाहायचं काय?

धंतोलीवाला

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. सुरुवातीला मी प्रत्येक माणूस नेम धरल्यासारखा मध्ये ठेवायचो. ग्रिडमुळे ती सवय सुटली, बाजूच्या जागेकडे लक्ष जायला लागलं. म्हणून त्या नियमाला मी एकदम टाकाऊ म्हणणार नाही. पण तो तेवढ्याच कामाचा. पहिला फोटो डावीकडून कापून पाहा, तिथलं लाल होर्डिंग जाईल.

महालातला जुना स्टुडिओ

ताई, दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. आधी एक विचारतो. दुसरा फोटो काढताना तुम्ही खाली बसल्या होत्या का? बापाची हनुवटी खालून दिसते, त्यावरून कॅमेरा गुडघ्याजवळ असावा असं वाटते.

महालात माझा स्टुडिओ होता. १२० च्या फिल्म रोलवर, याशिकाच्या दोन लेन्सच्या कॅमेऱ्यावर काम केलं. चौकोनी निगेटिव्ह, एका रोलमध्ये १२ फोटो. तो कॅमेरा पोटाशी धरायचा आणि वरून काचेत पाहायचं. काचेत डावं उजवीकडे दिसे, उजवं डावीकडे. त्या चौकोनात तीन भाग कोणी मोजत नव्हतं. एक सवय मात्र पक्की लागली, आधी मागचं पाहायचं आणि मग माणूस. वाड्यातल्या लग्नात नवरीच्या मागे खांब, तोरण, वायर, कोणाची खुर्ची, सगळंच असायचं. जिथे मागे उजळ भिंत आहे अशी एक जागा मी आधी हेरून ठेवायचो आणि नवरी तिथे येईपर्यंत थांबायचो. आली की दोन फोटो. १२ फोटोंत घाई परवडत नसे.

आता तुमचा पहिला फोटो. चेहरा बिंदूवर आहे, कबूल. पण मारबतीच्या मुकुटातून विजेचा खांब उगवला आहे. गालाला कोणाचा तरी मोबाईल धरलेला हात चिकटला. डावीकडे ज्याला तुम्ही मोकळी जागा म्हणता, तिथे लाल होर्डिंग आहे, आणि लाल रंग डोळ्याला ओढूनच नेते. चेहऱ्याची कड कुठे संपते आणि गर्दी कुठे सुरू होते हेच डोळ्याला सापडत नाही. मग तो चेहरा कोणत्या बिंदूवर आहे याला काय अर्थ राहिला? तुम्ही दोन पावलं डावीकडे सरकल्या असत्या तर खांब मुकुटापासून सुटला असता. मारबत जवळ, खांब लांब. आपण सरकलो की जवळची वस्तू लांबच्या वस्तूवरून घसरते. हा खेळ पायाचा आहे, कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो सापडत नाही.

अपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, मोठं उघडून मागचं धूसर करता येते, असं कोणी सांगेल. करा, पण धूसर झालेलं लाल होर्डिंगही लालच राहते.

दुसरा फोटो पाहा. कॅमेरा खाली गेला की जवळचा माणूस मागच्या दृश्यावर वर चढतो. ते पोर मारबतीच्या पिवळ्या अंगावर गेलं, आणि दुकानं, पाट्या, मोबाईल सगळे बापाच्या पाठीआड गेले. काळे केस, सावळा गाल, मागे सपाट पिवळं. त्याची बाहेरची रेघ अशी स्वच्छ सुटली की फोटो अंगठ्याच्या नखाएवढा केला तरी पोर ओळखू येते. करून पाहा. पहिला फोटो तेवढाच लहान करा, काही उरत नाही.

आणि मधोमध असण्याचं म्हणाल तर दीक्षाभूमीला जा. चार दिशांना चार दारं, वर तो गोल घुमट. समोर उभं राहून थर्ड्सच्या रेघेवर घुमट बसवला तर तो कोणी ढकलल्यासारखा दिसतो. तिथे मध्यच पाहिजे. पण बरोब्बर मध्य. एक हात जरी सरकलात तर ती चूक दिसते. एक तर काट्यावर मध्य धरा, नाहीतर चांगले बाजूला जा. अशा जागी अर्धवट सरकलेला फोटो मला सगळ्यात जास्त खटकतो.

चित्रकलेची बाई

काकांनी फार नीट सांगितलं. थोडी भर घालते.

हे तीन भागांचं नाव जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराच्या १७९७ च्या पुस्तकात सापडतं. तो निसर्गचित्राबद्दल बोलत होता. जमीन आणि पाणी मिळून एक भाग, आकाशाला दोन भाग, असं काहीसं. मुद्दा प्रमाणाचा होता, दोन गोष्टी सारख्या वाटून डोळ्याला कंटाळा येऊ नये म्हणून. छेदबिंदूवर डोळा ठेवण्याचं तो सांगत नव्हता. मुलांना मी हे आवर्जून सांगते, कारण मोबाईलवरच्या त्या चार बिंदूंना ती देवासारखी भजतात.

दुसरी गोष्ट वजनाची. बागेतली लहान मुलांची सी-सॉची फळी आठवा. जड माणूस मध्याजवळ बसला आणि हलकं पोर टोकाला, तरी फळी समतोल राहते. चित्रात तसंच. काठाजवळचा एक लहानसा काळा कावळा मधल्या मोठ्या फिक्या भिंतीला तोलून धरतो. हा तोल तपासायला मी चित्र उलटं धरते. उलटं धरलं की चेहरा, देऊळ, माणूस हे विसरायला होतं आणि नुसते उजळ-गडद डाग उरतात. ताई, तुमचे फोटो असेच उलटे करून पाहा.

फुटाळा तलावावर संध्याकाळी क्षितिज मध्यावर ठेवायलाही घाबरू नका. पाण्यातलं प्रतिबिंब वरच्या आकाशापेक्षा बहुतेक वेळा थोडं गडद असतं, म्हणून दोन अर्धे अगदी सारखे होतच नाहीत.

मानेवाड्याची

काका, खरंच खाली होते! गर्दीत चपलेचा अंगठा तुटला म्हणून वाकले होते. वर पाहिलं तर ते पोर दिसलं, उठायला वेळ नव्हता, तसाच काढला. तुम्ही हनुवटीवरून ओळखलंत.

सगळे २१४ फोटो नखाएवढे करून परत पाहिले. नऊ उरले. त्या नऊपैकी सहा मी वाकून किंवा पायरीवर चढून काढलेले आहेत. उभ्या उंचीवरून काढलेले जवळजवळ सगळेच गेले.

रविवारी ग्रिड बंद करून फुटाळ्यावर गेले. एका भुट्टेवाल्याकडे तासभर थांबले, त्याला आधी विचारलं. शेगडीचा धूर फोटोत येतच नव्हता, कारण मागे उजळ आकाश होतं. मग दोन पावलं उजवीकडे सरकून थोडी उंच कडेवर चढले, तर मागे पलीकडच्या काठाची काळी झाडं आली आणि तोच धूर एकदम पांढरा उठून दिसला. भुट्टेवाला फ्रेममध्ये कुठे आहे हे मी मोजलंच नाही. घरी येऊन पाहिलं तर मध्याच्या जरा डावीकडे. फोटो खाली जोडलाय, सांगा.

महालातला जुना स्टुडिओ

धूर छान पकडला. चेहऱ्यावर खालून निखाऱ्याचा उजेड आला, तो मला सगळ्यात आवडला. एकच गोष्ट. उजव्या खालच्या कोपऱ्यात भुट्ट्यांची टोपली अर्धी कापली गेली आहे. पूर्ण घ्या किंवा पूर्ण सोडा. बटण दाबायच्या आधी चारही काठांवरून एकदा नजर फिरवत जा.

मानेवाड्याची

टोपली मला दिसलीच नव्हती, आता दुसरं काही दिसत नाही. शनिवारी परत जाते आहे, तशीही त्या भुट्टेवाल्या दादाला प्रिंट द्यायची आहे.