रिकामी पोलीस गाडी आणि कायदा

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीबाहेर जुनी जीप पोलिसांच्या रंगात रंगवून उभी करावी, म्हणजे साखळीचोर फिरकणार नाहीत, असं एकाने सुचवलं आहे. काळजी समजते, पण कृपा करून हे करू नका. आपण पोलीस आहोत असं लोकांना वाटावं म्हणून त्यांच्यासारखा गणवेश किंवा चिन्ह वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 205 खाली गुन्हा आहे. 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गाडीला ते कलम लागतं की नाही हा वाद कोर्टात घालायची वेळ सोसायटीच्या सेक्रेटरीवर का आणायची? लाल-निळा दिवा लावलात तर मोटार वाहन नियमांचा भंग वेगळाच.

पोलिसांनी स्वतःची रिकामी गाडी उभी केली तर तोतयेगिरीचा प्रश्न येत नाही. बेंगळुरूच्या वाहतूक पोलिसांनी 2019 मध्ये चौकात गणवेशातले पुतळे उभे केलेच होते. पण पुतळा असो वा गाडी, जागचे हलले नाहीत की लोकांना आठवडाभरात कळतं. गुन्हेशास्त्रज्ञ क्रिस्टोफर कोपर यांच्या 1995 च्या अमेरिकेतल्या अभ्यासात वारंवार गुन्हे होणाऱ्या ठिकाणी पोलीस 10 ते 15 मिनिटं थांबून गेले तर परिणाम सर्वाधिक टिकतो असं दिसलं होतं. तेव्हा गाडीत माणूस हवा.

मला खरी भीती वेगळीच वाटते. रात्री कुणी मागे लागलेली मुलगी त्या गाडीकडे धावली आणि आत कुणीच नसलं तर? ती तेवढ्यात उघड्या दुकानात शिरली असती. पोलिसांनी अशी गाडी ठेवलीच, तर निदान 112 ला थेट लागणारं बटण तिच्यावर हवंच.