अनुभव धागा: गोव्यात गरीच्या क्लबात शिरल्यावर कुठलं पाणी मिळालं?

पाऊस ओसरू लागला की आमच्या गरीच्या, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांच्या, क्लबात नव्या लोकांची चौकशी सुरू होते, आणि पहिला प्रश्न ठरलेला: वर्गणी भरली तर बसायला पाणी कुठलं देता? इंग्लंडात क्लब एखादं तळं किंवा नदीचा काठ भाड्याने घेतो आणि तिथे फक्त सभासद बसतात. आपल्याकडे मांडवी, जुवारी, शापोरा, तेरेखोल, साळ यांच्या धक्क्यांवर कोणीही गरी टाकून बसतो. मग क्लब देतो काय? माझं मत असं की तो ओळख देतो: बांधाची, भरतीची, आणि त्या पाण्यावर ज्यांचं पोट आहे त्या माणसांची. तुमचा अनुभव वेगळा असेल तर तोही हवा. गाव सांगा, पाणी सांगा, मासा सांगा. नेमकी जागा मात्र सांगू नका, ती क्लबाच्या माणसांपुरतीच राहू दे.

खाजनकाठ, दुर्भाटच्या बाजूने

मी मानशीबद्दल लिहितो, कारण माझी सगळी गरी तिथेच शिकून झाली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: खाजन म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेलं शेत; त्याच्या बांधाला लाकडी दारांची मोरी असते, ती मानस. भरतीचं पाणी चढलं की त्याच दाबाने दारं मिटतात, सुकती (ओहोटी) लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. त्या पाण्याबरोबर सुंगटं (कोळंबी) आणि बारीक मासळी वाहत येते. बाहेर चोणक आणि तांबसा हे मासे तोंड प्रवाहाकडे करून उभे असतात. ओहोटीचा पहिला तास म्हणजे तिथली जेवणाची वेळ.

पण मानशीवर मासळी धरायच्या हक्काची पावणी (लिलाव) होते. ज्याने ती घेतली तो रात्री दाराला जाळं लावतो आणि त्यावर त्याचं घर चालतं. अनोळखी माणूस रॉड घेऊन उभा राहिला तर त्याने का सोसावं? क्लबातल्या जुन्या सभासदाने मला आधी त्या माणसाच्या घरी नेलं, मासे नंतर. चहा झाला, बोलणं झालं. त्याने सांगितलं, जाळं लावलेलं असताना जवळ यायचं नाही, बांधाची माती उकरून आमिष काढायचं नाही. मला हे अगदी रास्त वाटलं. बांधाला भोक पडलं आणि खारं पाणी आत शिरलं तर शेत कित्येक हंगाम बाद होतं. आता त्या बांधावर मला कोणी हटकत नाही.

सामानाचं थोडक्यात: चोणकाच्या गालफडाची कड धारदार असते, ब्रेडच्या (विणलेल्या दोऱ्याच्या) टोकाला जाड लीडर (गरीआधीचा जोडदोरा) हवाच. तांबसा गरी घेतल्याबरोबर खारफुटीच्या मुळांत घुसतो, त्याला सैल सोडलं की संपलं.

मांद्र्याची मुलगी

आमच्याकडे नदीपेक्षा वेळ, म्हणजे समुद्रकिनारा. लाटा फुटतात त्याच्या अलीकडच्या खोलगट पट्ट्यात मुडदोशी मासळी लागते. बारीक गरी, ओल्या वाळूतला किडा, हलकं शिसं, एवढ्यावर भागतं. माझ्या आजीला हे सगळं दोरा बोटाला गुंडाळून जमायचं, रॉड तिने कधी पाहिलाही नव्हता.

मी क्लबात आले ती सोबतीसाठी. पहाटे काळोखात किनाऱ्यावर एकटीने जाणं घरच्यांना पसंत नव्हतं, आणि मला जाणं सोडायचं नव्हतं. आता आम्ही चार-पाच जणी एकत्र निघतो. क्लबाचा एक नियम मला मनापासून पटतो: मोरजीला कासवं अंडी घालतात त्या पट्ट्यात हंगामात रात्री टॉर्च घेऊन फिरायचं नाही. उजेडाने मादी वर न येताच परत फिरते. मासे दुसरीकडे मिळतील.

जुना पागी

मी क्लबाचा नव्हे. माझा मुलगा आहे. त्याला विचारलं, अरे सोडायचाच तर मासा धरता कशाला? आमच्या घरी मासा सोडणं म्हणजे ताटावरून उठणं. त्यावर त्याने सांगितलं ते इथे लिहितो, कारण मला ते पटलं. चोणक लहानपणी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी ज्याला उचलून धरतात तो भला थोरला मासा बहुधा अंड्यांवरची मादी. पावसात ती नदीच्या मुखाकडे उतरते. तीच कापली तर पुढचं पीक कुठून? आता तो मधल्या आकाराचा एखादा घरी आणतो, मोठा सोडतो. हुमणाला (माशाच्या कालवणाला) मधलाच चांगला, हे मी आधीपासून सांगत होतो.

डिचोलीकर

गोड्या पाण्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. आमच्या भागात धरणाकाठी बसण्याआधी हद्द विचारून घ्या. अभयारण्यात गरी टाकायची नाही, क्लबाचं कार्ड तिथे चालत नाही.

कुंभारजुवेची फेरी

मांडवी आणि जुवारी जोडणारा आमचा कालवा मगरींचा आहे, हे नव्या सभासदांना पहिल्या दिवशीच सांगा. गुडघाभर पाण्यात उभं राहून गरी टाकू नका, मासा धुवायला काठावर वाकून बसू नका, आतडी तिथेच टाकू नका. मगरीला आमच्या बाजूचे लोक शत्रू मानत नाहीत. पौष अमावास्येला खाजनाच्या गावांत मातीची मगर घालून पुजतात, मांगे थापणी म्हणतात तिला. तो मान अंतर ठेवूनच राखायचा.

आणि शिंगाळा लागला तर हाताने गरी सोडवू नका, पक्कड वापरा. त्याचा काटा विषारी. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून धरा आणि डॉक्टर गाठा.

मडगावहून, नवीन

सगळं वाचलं. मला साळ नदी जवळ पडते. रॉड आहे, ओळख कोणाची नाही. भांगाचे दिवस बरे की उधाणाचे?

धागाकर्ता

शिकायला भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या पुढेमागचे कमी भरती-ओहोटीचे दिवस बरे, पाणी हळू वाहतं आणि शिसं जागेवर राहतं. मानशीवर यायचं तर अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे या, तेव्हा ओढ जोरात असते. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, म्हणून कालच्या वेळेवर विसंबू नका. साळीकाठचे आमचे दोन सभासद येत्या रविवारी सुकतीला निघणार आहेत. जिवंत सुंगटं ते आणतील. तुम्ही पक्कड आणि पाण्याची बाटली घ्या.